खांबाला टेकून

कंपनीत तिला तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘खांबवाली’. पाठ वळल्यावर लोक काय म्हणतात हे तिला पक्के ठाऊक होते. मेकअपच्या आरशात मागच्या माणसांचे ओठ दिसतात, आणि ओठ वाचायची सवय तिला गरजेपोटी लागली होती.

नाव काही वाईट नव्हते, कौतुकाचेच होते. कंपनीच्या सगळ्यात गाजलेल्या संगीत नाटकात, तिसऱ्या अंकात, नवरा परागंदा झालेली बायको दारातल्या खांबाला डोके टेकते आणि डोळे मिटून गाते. त्या एका पदासाठी लोक पुन्हा पुन्हा येत. पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत. “काय तो अभिनय! नुसती टेकली तरी काळजात कळ येते,” असे म्हणत माणसे बाहेर पडत.

खरी गोष्ट अशी होती की खांबाला डोके टेकल्याशिवाय तिला ऑर्गन ऐकूच येत नसे.

बहिरेपण तिच्या घरात आईकडून आले होते. आई शिवणकाम करायची. हात असा की उसवलेला कपडा कुठे उसवला होता ते शोधून सापडू नये. पण तिचे कान हळूहळू जात चालले, तशी गिऱ्हाइके आधी मोठ्याने बोलू लागली, मग तोंड वासून एकेक शब्द सुटा करून बोलू लागली, आणि शेवटी आईशी बोलेनाशीच झाली. समोर मशिनवर बसलेल्या आईला सोडून ती लेकीला सांगत, “आईला सांग गं, गळा जरा मोठा ठेव म्हणावं.” जेवताना काही विनोद झाला की सगळे हसत. आई विचारायची, “काय झालं रे?” आणि कोणीतरी म्हणायचे, “काही नाही गं.” मग आईही सगळ्यांबरोबर हसायची. काही न कळता हसायची. ते ‘काही नाही गं’ लेकीने स्वतःही कितीतरी वेळा म्हटले होते. पुढे आयुष्यभर तिला भीती वाटली ती कान जाण्याची नव्हे, त्या हसण्याची.

ती कंपनीत आली तेव्हा मागच्या रांगेत उभी राहून चार जणींबरोबर गायची. थोरल्या मालकांचा कान तिखट. एका तालमीत त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवले आणि तिच्याकडे बोट केले. “ही पुढे. बाकीच्यांनी हिच्याकडे बघून गायचं.” तेव्हाच्या नायिकेचा आवाज बसत चालला होता. वर्षभरात ती नायिका कपडेपटात गेली आणि ही तिच्या जागी उभी राहिली. जुनी नायिका रोज हिच्या पोलक्याला गुंड्या लावून द्यायची, तोंडात सुई धरून. आवाज किंवा सूर गेला की माणूस कुठे जातो हे हिला अशा रीतीने रोज समोर दिसत होते.

लग्न झाले ते घड्याळे दुरुस्त करणाऱ्याशी. गृहस्थ सज्जन, मोजके बोलणारा. दुकान एवढेसे, पण चारही भिंतींवर घड्याळे, आणि सगळी एकदम टिकटिकत. लग्नानंतर पहिल्यांदा ती दुकानात गेली तेव्हा म्हणाली होती, “अहो, इथे डोकं फिरत नाही का तुमचं?” तो म्हणाला, “थांबली की फिरतं.”

मुलगी झाली, आणि बाळाला कडेवर घेऊन एका सकाळी ती दुकानात गेली. दारात उभी राहिली. काहीतरी चुकल्यासारखे वाटले.

“अहो, आज सगळी घड्याळं बंद का ठेवलीत?”

तो भिंग डोळ्याला लावून वाकला होता. त्याने भिंग काढले, तिच्याकडे पाहिले, मग भिंतींकडे पाहिले. तिनेही पाहिले. सगळे लंबक हलत होते.

“सगळी चालू आहेत,” तो म्हणाला.



डॉक्टरांनी कागदावर कानाचे चित्र काढून दाखवले. आतले एक बारीक हाड, तांदळाच्या दाण्याहून लहान, ते ताठरत चालले आहे. पलीकडची नस ठणठणीत आहे. म्हणजे घर शाबूत आहे, पण दाराची बिजागरी गंजली आहे. “बाळंतपणानंतर हे वाढतं कधीकधी. ऑपरेशन करता येईल.”

“केलं तर ऐकू येईल?”

“बहुतेकांना येतं.”

“आणि उरलेल्यांना?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “क्वचित कधी तो कान पूर्ण जातो.”

ती उठलीच. नवरा जिन्यात म्हणाला, “अगं, क्वचित म्हणाले ते.” ती म्हणाली, “क्वचित असो. कान पूर्ण गेल्यावर जन्म कसा जातो ते आईकडे पाहिलंय मी.” त्यानंतर त्याने विषय काढला नाही. घरात मात्र त्याने एक गोष्ट सुरू केली. काही सांगायचे असले की आधी तो टेबलावर टकटक करायचा. टेबलावर तिचे कोपर असले की तिला ते कळायचे.

खांब सापडला तो अपघाताने. तालीम चालू होती. बाळाने छळल्यामुळे तिची झोप झाली नव्हती. देखाव्यातल्या खांबाला तिने नुसते डोके टेकले, आणि ऑर्गन कवटीत शिरला. एवढा स्वच्छ, जणू कोणी खिडकी उघडली. ती दचकून बाजूला झाली, आवाज गेला. पुन्हा टेकली, आला. खांब भरीव लाकडाचा, कंपनीच्या स्वतःच्या लाकडी चौथऱ्यात रोवलेला, आणि त्याच चौथऱ्याच्या कडेला, पडद्याआड, ऑर्गन. सूर फळीतून खांबात, खांबातून हाडात. तिने तिथेच टेकून पद म्हटले.

थोरले मालक खुर्चीतून उठले. “हे कुठून आणलंत, बाई?”

कळले का यांना?

“हे टेकणं. झकास आहे. ठेवा.”

असे ते राहिले. पहिल्या दोन अंकांतली पदे जोरकस, ठेक्याची. ती उजव्या कानात जे काही उरले होते त्यावर निभत. तिसऱ्या अंकातले पद मात्र ऑर्गनच्या एकाच बारीक सुरावर उठायचे. स्वतःचा आवाज तिला डोक्यात घुमलेला ऐकू येई, पण बाहेरचा सूर कुठे आहे ते खांबाशिवाय समजत नसे. प्रत्येक गावी, प्रत्येक नाट्यगृहात, प्रयोगाआधी ती जाऊन खांबाला बोटाने टिचक्या मारायची. ऑर्गन वाजवणाऱ्या मामांचा बाक चौथऱ्यावर आहे ना, हे बघायची. कोणी ऑर्गन खाली जमिनीवर ठेवला की म्हणायची, “मामांना खाली गारठा लागतो, वर घ्या त्यांना.” मामा सगळ्यांना सांगत, “पोटच्या लेकीनं केलं नसतं एवढं बघते माझं.” हे ऐकून तिला चोरी केल्यासारखे होई.

बाकीचे सगळे तिने ओठांवर तोलून धरले होते. नाटकातले प्रत्येकाचे प्रत्येक वाक्य तिला पाठ होते. समोरचा तिच्याकडे पाठ फिरवून बोलला की तिच्या अंगाला घाम फुटायचा. सगळ्यात मोठा वैरी म्हणजे नायकाची मिशी. नायकाला सगळे ‘राजे’ म्हणत, कारण जन्मभर तो राजेच करत आला होता. या नाटकात राजा नव्हता, तर त्याने निदान मिशी तरी राजाची लावली होती. वरचा ओठ तिच्याखाली गडप.

“ही मिशी कापा,” तिने रंगपटात सांगितले.

“माझी मिशी तुम्हांला कुठे टोचते, बाई?” राजे म्हणाले.

“घास अडकल्यासारखी दिसते.”

“पोरी मरतात हिच्यावर!”

“पोरी मरोत. मला तिसऱ्या अंकात तुमच्या गळ्यात पडायचं असतं.”

रंगपटात हशा पिकला आणि रंगवाल्याने कात्री घेतली. मिशी बोटभर वर सरकली. ती आरशात हसत होती, आणि मिशीखालून दिसू लागलेला ओठ निरखत होती. अशी सगळी वर्षे गेली. लोक म्हणत, बाई किती मिश्कील आणि किती संयत. काही उगवत्या नायिकाही कशाला ना कशाला टेकून गाऊ लागल्या. एक तर कपाटाला टेकली, कपाटाचे दार उघडले आणि पलीकडे बसलेला इस्त्रीवाला प्रेक्षकांना दिसला.

थोरले मालक वारले आणि धाकटे आले. धाकटे मालक हुशार, कामाचे, पण बोलताना तोंडावर मूठ धरायची सवय. त्यांच्यासमोर उभे राहायचे म्हणजे तिचा जीव मुठीत. त्यांच्या त्याच मुठीत. ते काही म्हणाले की ती मान डोलवायची आणि बाहेर येऊन मामांना विचारायची, “काय ठरलं मग?”

तोवर उजवा कानही बराच गेला होता.

धाकट्या मालकांनी जुने नाटक नव्या देखाव्यात करायचे ठरवले. सगळे हलके, एका छोट्या गाडीत मावेल असे. तालमी हॉलमध्ये झाल्या. तिथे खांबाच्या जागी एक लाकडी घडवंची उभी केली होती आणि ऑर्गन तिला खेटून होता, म्हणून तिचे भागले. शेवटच्या तालमीनंतर तिने धीर करून विचारले, “खांब कसा आहे हो नवा?”

मालकांनी नशिबाने मूठ खाली घेतली. “हुबेहूब जुन्यासारखा, बाई. तुम्हांला फरक कळणार नाही.”

‘लाकडाचाच ना?’ हा प्रश्न तिच्या जिभेवर होता. पण खांब लाकडाचा आहे का हे नायिका कशाला विचारील? विचारले तर ते म्हणतील, ‘का?’ आणि त्या ‘का’चे उत्तर तिच्याकडे नव्हते. तिने नुसती मान डोलवली.

दुपारचा प्रयोग होता. देखावा आणणारी गाडी वाटेत बंद पडली. नाट्यगृहाची दारे उघडायची वेळ झाली तेव्हा कुठे सामान उतरले. तिला रंगपटातून हलता आले नाही, एकजण केस बांधत होती आणि एकजण पोलके टाचत होती. आरशात तिला दिसले, दोन माणसे तो खांब घेऊन चालली होती. नाही, एकच माणूस. एका हातात. काखेत धरल्यासारखा.

“कोण एवढा पैलवान आणलाय?” तिने विचारले.

केस बांधणारी मागे वळून काहीतरी म्हणाली. वळून म्हणाली, म्हणून ते कळायचे राहिले.

पहिला अंक झाला. दुसरा झाला. चौथरा कुठे दिसत नव्हता. जमिनीवर मऊ जाजम अंथरले होते आणि मामांचा ऑर्गन आत, दाराच्या पलीकडे. खांब प्रकाशात छान दिसत होता. लाकडाच्या रेषासुद्धा रंगवल्या होत्या. मध्यंतरात पडदा पडल्यावर खांबाजवळ जाऊन टिचकी मारायची असे तिने ठरवले होते, पण पायच उचलला नाही. टिचकी मारून कळले असते, आणि कळून करायचे काय होते? कधीकधी माणूस न कळण्यालाच चिकटून राहतो.

तिसरा अंक. ती दारातून बाहेर आली, चार पावले चालली आणि खांबाला डोके टेकले.

खांब आत गेला. कपाळाखाली काहीतरी कुरकुरले, फुसके, भुसभुशीत, आणि बोटांना तो गारही लागला नाही. थर्माकोल. तिने डोळे मिटले. काही नाही. ऑर्गन नाही, नाट्यगृह नाही, पंखे नाहीत. आई ज्या ठिकाणी बसून हसायची त्या ठिकाणी ती येऊन पोचली होती.

तिने डोळे किलकिले करून पाहिले. पुढच्या रांगेतली एक बाई पदर तयार ठेवून बसली होती. म्हणजे ऑर्गन सुरू झाला होता. मामा पदाची सुरावट एकदा वाजवून थांबत, तिने उचलली नाही की पुन्हा वाजवत. किती वेळा वाजवली असेल? समोरच्या विंगेत धाकटे मालक उभे होते, तोंडावर मूठ, आणि मुठीच्या वर डोळे.

गायला तोंड उघडले तर सूर कुठे पडेल हे सांगता येत नव्हते. बेसूर झाले तर उद्यापासून कपडेपट, तोंडात सुई. आणि न गाता उभी राहिली तरी तेच. पुढच्या रांगेतल्या बाईने शेजारणीच्या कानाशी तोंड नेले. काय म्हणाली ते ओठांवर स्पष्ट दिसले. “विसरली वाटतं.”

विसरली! या एका गोष्टीचा मात्र तिला राग आला. एवढी वर्षे सगळ्यांची वाक्ये पाठ करून जी जगली, ती विसरली?

ती वळली आणि देखाव्यातल्या घराच्या दारातून आत गेली.

रंगमंच रिकामा झाला. आत विंगेत कंपनीची माणसे उभी होती, दिवेवाला, केस बांधणारी, राजे, सगळी. त्यांच्या मधून ती गेली आणि ऑर्गनशेजारी जमिनीवर बसली. मामा तिच्याकडे पाहतच राहिले, त्यांची बोटे थांबली. तिने ऑर्गनच्या लाकडी कुशीला कानशील लावले, जसे मूल आईला लावते, आणि मामांना खूण केली, वाजवा.

मामांचा पाय भात्यावर पडला. सूर आला. धुळीचा वास आणि सूर एकदमच आले.

ती गायली. बाहेर फक्त दार, रिकामी जागा आणि तो खोटा खांब होता, आणि घराच्या आतून येणारा आवाज. इथे मात्र सगळे तिला बघत होते. तिचे डोळे मिटलेले नव्हते. मिटायची सोयच राहिली नव्हती. एकेका चेहऱ्यावर तिला समजत जाताना दिसले. आधी नवल, मग कोडे, मग ते कोडे सुटलेले. केस बांधणारीने तोंडावर हात ठेवला. मामा वाजवता वाजवता रडत होते आणि बोट कुठे चुकत नव्हते. बहुतेक त्यांना तो गारठा आठवला असावा. राजे भिंतीला टेकून उभे होते आणि मधूनच आपल्या मिशीला हात लावत होते.

पद संपले. टाळ्या पडल्या की नाही हे तिला कळले नाही. तिने ऑर्गनवरून डोके उचलले आणि सगळे पुन्हा कापसात गेले.

पुढचा प्रवेश राहिला होता. परागंदा नवरा परत येतो तो. ती उठली, पोलके नीट केले आणि बाहेर जाऊन उभी राहिली, कारण प्रयोग अर्धा टाकून जाणे तिला माहीत नव्हते. राजे समोरून आले. त्यांनी मिशी उपटून काढली होती. वरचा ओठ डिंकाने लाल झाला होता. ते अगदी तिच्यासमोर उभे राहिले, प्रेक्षकांकडे पाठ करून, आणि तोंड भले मोठे वासून, एकेक अक्षर सुटे करून बोलू लागले. “मी... आलो... गं...”

हुबेहूब आईची गिऱ्हाइके.

त्यांच्या डोळ्यांत माया होती, हे तिला दिसत होते. तरी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती पुढे झाली, ठरल्याप्रमाणे त्यांच्या गळ्यात पडली, आणि त्यांच्या कानाशी पुटपुटली, “नेहमीसारखं बोला हो. बहिरी आहे, वेडी नाही.”

राजांची छाती हसण्याने हादरलेली तिला गालाशी कळली. प्रेक्षकांना वाटले, नवरा हुंदके देतो आहे.

पडदा पडल्यावर ती रंगपटात येऊन आरशासमोर बसली. कोणी जवळ आले नाही. आरशात मागे माणसे होती, पण आज सगळ्यांनी तिच्याकडे पाठ केली होती, किंवा बोलतच नव्हती. म्हणजे आरशाचे गुपितही आता सगळ्यांना कळले होते. तिने केसातल्या पिना काढायला घेतल्या. हातातून एक पडली, तिचा आवाज आला नाही.

मग सगळे बाजूला झाले आणि धाकटे मालक तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. तोंडावर मूठ. मुठीमागून ते काहीतरी म्हणाले. बरेच काही म्हणाले. ती नेहमीप्रमाणे मान डोलवणार होती. बाहेर जाऊन मामांना विचारता आले असते. ओठ आपोआप हसूही लागले होते. ते हसू तिला आरशात दिसले, आणि ते कोणाचे आहे हे ओळखू आले.

ती खुर्चीत वळली.

“मला ऐकू येत नाही,” ती म्हणाली. हे वाक्य तिने नवऱ्यालाही कधी असे सांगितले नव्हते. “फार वर्षं झाली. तोंडावरचा हात काढून बोला.”

मालकांचा हात तसाच राहिला. तिला वाटले, तो आता खाली येईल तेव्हा त्याच्यामागून ‘कपडेपट’ हा शब्द निघेल. तिने त्या मुठीकडे असे पाहिले, जसे कोणी बंद दाराकडे पाहते, आत कोण आहे ते माहीत नसताना. कोपऱ्यात जुनी नायिका हातातली सुई तशीच धरून बघत होती.

हात खाली आला.

“उद्या दुपारचा प्रयोग आहे,” मालक म्हणाले. तोंड वासून नाही, साधेच बोलले, पण त्यांचा चेहरा पांढराफटक होता. “लवकर या. ऑर्गन कुठे ठेवायचा ते तुम्हीच दाखवा.”

तिला पहिल्याच वेळी कळले होते. उद्याची भीती तर आधीच येऊन बसली होती. तरी तिने मान तिरकी केली आणि विचारले, “काय म्हणालात?”

मालकांनी पुन्हा सांगितले.